पीएचडी कशात करावी: प्रयोगशाळेत की संगणकावर?

एमएस्सीनंतर मुंबईतच पीएचडी करायची म्हटलं, की रसायन-भौतिकच्या मुलांपुढे हल्ली हा पेच येतोच. कुलाब्याचं टीआयएफआर काय किंवा पवईचं आयआयटी काय, काम दोन्ही प्रकारचं चालतं.

प्रयोगात दिवस उपकरणाच्या वेळेवर चालतो. एनएमआरचा (रेणूंची रचना तपासणाऱ्या यंत्राचा) स्लॉट, मागवलेली रसायनं, रात्रभर ढवळत ठेवलेली अभिक्रिया. डोंबिवलीहून ये-जा करणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं. संगणकीय कामात क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर) जॉब टाकून घर गाठता येतं. क्वांटम एस्प्रेसो, ग्रोमॅक्ससारखी इलेक्ट्रॉन-रेणूंची गणितं करणारी सॉफ्टवेअर मोफत असल्याने शिकायला साधा लॅपटॉपही पुरतो.

म्हणून ते काम सोपं, असं मात्र नाही. रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन साधारण 2 फेम्टोसेकंदांच्या (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद) पावलांनी सरकतं. एका मायक्रोसेकंदासाठी, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षाव्या भागासाठी, 50 कोटी पावलं! आणि उत्तर चुकलं तर कळायला वाव कमी. सिलिकॉनचंच बघा. त्याचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहता व्हायला लागणारी किमान ऊर्जा, प्रयोगात मोजला तर सुमारे 1.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरतो. डेन्सिटी फंक्शनल थिअरीतल्या (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाचे गुणधर्म काढणाऱ्या सिद्धांतातल्या) नेहमीच्या पीबीई या अंदाजी पद्धतीने गणित केलं तर तो 0.6च्या आसपास येतो. जॉब विनातक्रार संपतो, आलेख देखणा येतो, आणि आकडा जवळपास निम्मा! हायब्रिड पद्धतीने तो बराच सुधारतो, पण गणित कितीतरी महाग पडतं. कुठली पद्धत कुठे फसते हे ओळखणं हीच या कामातली खरी विद्या, आणि ती क्वांटम मेकॅनिक्स पक्कं असल्याशिवाय येत नाही. नुसता प्रयोगांचा कंटाळा म्हणून इकडे वळू नका.

प्रतिष्ठेची काळजी नको. कोन आणि पोपल यांना 1998 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. 2024 मध्ये बेकर, हसाबिस आणि जंपर यांना प्रथिनांवरच्या संगणकीय कामासाठी मिळालं. पण हसाबिस-जंपर यांचं अल्फाफोल्ड हे प्रथिनांची रचना ओळखणारं सॉफ्टवेअर शिकलं कशावरून? प्रयोगशाळांनी अनेक दशकं खपून उलगडलेल्या प्रथिनांच्या रचनांवरून.

माझं मत विचाराल तर, गणिताची ओढ असेल तर बेधडक संगणकीय बाजू घ्या, पण गट पारखून. गाइडना पहिल्याच भेटीत विचारा, तुमचे आकडे मोजून कोण तपासतं? गटाचे अलीकडचे चार-पाच पेपर काढा आणि त्यात प्रयोग करणारे सहलेखक आहेत का ते बघा. एकही नसेल तर दुसरा गट शोधा.