‘सागा’ घ्यायची तर कुठली? सुटे खंड, पक्की बांधणी की एकच ठोकळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आम्हा चौघांच्या घरांत मिळून ‘सागा’ या इंग्रजी चित्रकथा-मालिकेच्या तिन्ही तऱ्हेच्या आवृत्त्या आहेत. गेल्या पावसाळ्यात त्या एकमेकांकडे फिरल्या आणि विकत घ्यायची तर कुठली, यावर गोष्टीपेक्षाही जास्त वाद झाला. इथल्या दुकानांत आम्हाला ती मिळाली नाही, मागवावी लागली. नको ती आवृत्ती आली तर परत पाठवणं जिवावर येतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. ब्रायन के. व्हॉन लेखक, फिओना स्टेपल्स चित्रकार, प्रकाशक इमेज कॉमिक्स. पहिला अंक मार्च २०१२ चा. पंखवाल्यांचा ग्रह लँडफॉल आणि शिंगवाल्यांचा त्याचाच चंद्र रेथ, यांच्यात न संपणारं युद्ध चाललंय. दोन्हीकडचे दोन सैनिक, अलाना आणि मार्को, लग्न करतात, त्यांना मुलगी होते आणि सगळं जग त्यांच्या मागे लागतं. ती मुलगी, हेझल, मोठी झाल्यावर हे सांगतेय. गोष्ट मोठ्यांची आहे. नग्नता आणि रक्तपात भरपूर. लहान मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

सुट्या खंडात सहा-सहा अंक असतात. पहिल्या खंडाला २०१३ चा ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-अद्भुतकथांचा मानाचा पुरस्कार मिळाला. नव्या वाचकानं इथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. बरेच अंक पानभर चित्रावर संपतात, तिथं हात थांबतो, चहा गार होतो. आणि नाही आवडली, तर फार पैसे अडकत नाहीत. आमच्यातल्या एका शिक्षक मित्राला शिवीगाळ सोसवेना, त्यानं दुसऱ्या खंडाशी पुस्तक मिटलं. त्याचं मत मला पटत नाही, पण त्याचे पैसे वाचले हे खरं. दोष एकच: मऊ कव्हर आमच्या जुलैच्या दमटपणात कडेला वळतं. रंकाळ्यावर बसून वाचायला मात्र हाच आकार सोयीचा.

पक्क्या बांधणीच्या पुस्तकात अठरा अंक, म्हणजे तीन सुटे खंड. चित्रं शिकणाऱ्या माझ्या मावसबहिणीनं ती घेतली, आणि तिच्याकडं बघून मलाही हेवा वाटला. पान थोडं मोठं, त्यामुळे स्टेपल्सची रीत डोळ्यात भरते: माणसांना ठळक बाह्यरेषा आणि मागचं दृश्य रेषांशिवाय नुसत्या रंगानं भरलेलं. हेझलचं निवेदन चौकटीत नाही, थेट चित्रावर लिहिलंय आणि ते अक्षर खुद्द चित्रकर्तीचं आहे. बहीण एक पान घेऊन अर्धा तास बसली होती: मार्कोच्या माणसांची भाषा निळ्या अक्षरांत छापलेली, ती एस्पेरांतो ही मुद्दाम घडवलेली भाषा आहे आणि अर्थ कुठंच दिलेला नाही. चेहरे बघून समजून घ्यायचं. पहिल्या पुस्तकात कच्ची रेखाटनंही आहेत. चित्र काढणाऱ्यानं दुसरा विचारच करू नये.

आता ठोकळा. २०१९ चा, १ ते ५४ अंक एकत्र, १३२८ पानं, मऊ कव्हर. अंकामागं हिशेब केला तर सगळ्यात स्वस्त, म्हणून मी तोच घेतला. कुरिअरनं आला तेव्हा एक कोपरा चेपलेला आणि कव्हरचा सांधा सुटलेला होता. एवढं वजन वाटेत आदळलं की तसं होणारच. वाचताना तो उशीवर टेकवावा लागतो, आणि मधल्या घडीत चित्राचा भाग जातो. पण खरी अडचण वेगळीच. ५४ वा अंक जुलै २०१८ चा, त्यानंतर मालिका थांबली ती थेट जानेवारी २०२२ पर्यंत. हा ठोकळा नेमका त्या जखमेवर संपतो. आमच्या गटातल्या वहिनींनी आठ दिवसांत तो संपवला आणि दोन दिवस कुणाशी नीट बोलल्या नाहीत. पुढचं हवं तर दहावा सुटा खंड आणायचाच, त्यात ५५ ते ६० आहेत.

मधला भाग रेंगाळतो असं दोघांचं म्हणणं. मी उलट सांगेन: चौथा खंड मला सगळ्यात जवळचा. अलाना कामाला जाते, मार्को घरी लेकीला सांभाळतो, थकवा साचतो आणि भांडण कुठल्या फालतू गोष्टीवरून पेटतं ते इतकं खरं उतरलंय की मी पुस्तक बाजूला ठेवून आमच्या ह्यांना फोन केला.

तेव्हा क्रम असा धरा: पहिला खंड आधी कुणाकडून तरी मागून वाचा. आवडला तर पक्क्या बांधणीचं पहिलं पुस्तक मागवा. ठोकळा फक्त दुसऱ्यांदा वाचायला. माझा पहिला खंड सध्या शाहूपुरीत एका मैत्रिणीकडं आहे. परत आला की पुढच्याला देईन.