नाण्यांत सरकलेला छाप घ्यावा की फिरलेला डाय (म्हणजे छाप उमटवणारा ठसा)?
राजवाड्याजवळ जुनी नाणी विकणारे दोन्हींना ‘एरर’, म्हणजे टांकसाळीत चुकून पडलेलं नाणं, म्हणून एकच भाव सांगतात, ते मला पटत नाही. फिरलेला डाय ओळखायला सोप्पा, नाणं वर-खाली दोन बोटांत धरून आडवं फिरवायचं, मागचा छाप तिरपा दिसला की समजा डाय सैल होता, पण त्याच डायने अशी बरीच नाणी पडलेली असतात म्हणून भाव बेताचाच, अगदी 180 डिग्री असेल तर गोष्ट वेगळी. सरकलेल्या छापाची मजाच और! एका कडेला चंद्रकोरीसारखा कोरा धातू, समोर अक्षरं कापलेली. त्यात साल आणि टांकसाळीची खूण, नोएडाचा ठिपका नाहीतर मुंबईची पत्त्यांतल्यासारखी चौकट, शाबूत असेल तर मी जास्त पैसे देऊन तेच घेईन, फक्त कडेला कानस मारल्याचे ओरखडे नाहीत ना ते भिंगातून बघूनच.