बेघर पेशंट बघणाऱ्या डॉक्टरांचं ट्रेनिंग: रात्रीचा राउंड पैसा वसूल, सकाळचे स्लाइड्स कापा

आधी रेटिंग देऊन टाकते, 5 पैकी 4. एक स्टार कापलाय तो पहिल्या सकाळच्या लेक्चरांसाठी आणि नंतरच्या फॉलोअपसाठी, जो नाहीच आहे. बाकी जमत असेल तर जाच. मी ठाण्यात जनरल प्रॅक्टिस करते आणि अधूनमधून एका निवाऱ्यात ओपीडीला बसते, त्या नजरेनं लिहितेय. आयोजकांचं नाव टाकत नाहीये, टीम छोटी आहे आणि खाली तक्रारी बऱ्याच आहेत, उगाच कुणाच्या मागे लागायला नको.

कोर्स शनिवार-रविवारचा, दादर-परळ भागात. विषय प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन, म्हणजे एमबीबीएसला पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणून ज्या लेक्चरांना आपण झोपा काढल्या तेच, पण ज्याला दार नाही, नळ नाही, गोळ्या ठेवायला कपाट नाही अशा माणसासाठी. 

शनिवारची सकाळ थंडगार हॉलमध्ये स्लाइड्स वाचण्यात गेली. 2011 च्या जनगणनेत देशात 17.7 लाख बेघर, मुंबईत सुमारे 57 हजार, सुप्रीम कोर्टाचा शहरात 1 लाख लोकसंख्येमागे 1 निवारा हा आदेश, त्या हिशोबाने मुंबईला सव्वाशेच्या आसपास हवेत आणि तेवढे कुठे आहेत... हे सगळं महत्त्वाचं आहे मान्य, पण ते आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकून भागलं असतं ना. समोर बसलेले सगळे स्वतःचा वीकएंड सोडून आलेले, त्यांना बेघर लोक असतात हे पटवायची गरज नव्हती. वर एका सरांनी व्यसनावर असं काही भाषण ठोकलं की मला शाळेतली प्रार्थना आठवली. दारू सुटेपर्यंत बीपीची गोळी द्यायची नाही की काय, हे कुणीतरी मागून विचारलंच, उत्तर गोलमोल.

जेवणानंतर मात्र कोर्स एकदम बदलला. प्रत्येक ग्रुपला एक कागद दिला, त्यावर एक पेशंट: वय पंचावन्न, डायबेटिस, लग्नाच्या कॅटरिंगमध्ये भांडी घासायचं काम, झोपायला पुलाखाली, खिशात 80 रुपये. आता या माणसाचा एक दिवस तासातासाने मांडा आणि त्यात तुमचं प्रिस्क्रिप्शन बसवून दाखवा. मग सुरू झाली गंमत. संडासचे पैसे, अंघोळीचे वेगळे, मोबाईल चार्जिंगला पानवाला पैसे घेतो, केसपेपरचे 10, आणि सकाळी ओपीडीच्या लायनीत उभं राहिलं की त्या दिवसाचं काम गेलं. आमच्या ग्रुपमधल्या एका एमडी मॅडमनी सराईतपणे ग्लिमेपिराइड लिहिली, म्हणजे जेवण चुकलं तर शुगर फार खाली नेऊ शकणारी गोळी, तर ट्रेनर म्हणाले, याचं पुढचं जेवण कधी? लग्न असेल तर रात्री बारा वाजता पोटभर, नसेल तर काय मिळेल ते. शुगर खाली गेली आणि पुलाखाली पडला तर येणारा-जाणारा म्हणणार बेवडा आहे आणि पुढे जाणार. मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या दुसऱ्या गोळीचंही तेच, सुरुवातीला पोट बिघडतं हे आपण सहज सांगून टाकतो, पण रात्री संडास बंद असतो त्याचं काय. शेवटी कमी डोस, जेवणाला बांधलेली गोळी, आणि दिवसाच्या ओपीडीऐवजी महापालिकेचे 'आपला दवाखाना', कारण ते मुंबईत बऱ्याच ठिकाणी रात्री दहापर्यंत उघडे असतात, असा प्लॅन निघाला. हा एक तास म्हणजे माझ्या मते आख्ख्या कोर्सचा पाया आहे आणि तो पहिल्या सकाळीच घ्यायला हवा.

आता रात्रीचा राउंड. यासाठीच पैसे भरा. नऊनंतर छोट्या ग्रुपमध्ये निघायचं, सोबत एक ताई, ज्या स्वतः कितीतरी वर्षं फुटपाथवर राहिल्यात आणि आता निवाऱ्याचं काम बघतात. खऱ्या ट्रेनर त्याच. गाडी लांब लावून चालत जायचं हा त्यांचा पहिला नियम, कारण भीक प्रतिबंधक कायदा 1959 चा आहे आणि पकडून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात टाकतील ही धास्ती अजून आहे, गाडी थांबली आणि चार जण उतरले की लोक गाठोडं उचलून पळतात. दुसरा नियम, "डॉक्टर, आधी खाली बसा. उभ्यानं बोललात की पोलीस वाटता." आमच्यातले एक सर पॅंटला डाग पडेल म्हणून उकिडवे बसले, दोन मिनिटांत गुडघे बोंबलले, मग बसले गपचूप मांडी घालून. आणि एकाने फोटो काढायला मोबाईल वर केला तर ताईंनी असं काही झापलं की पुढचा अख्खा राउंड त्याचा फोन खिशातून बाहेर आला नाही. बरं झालं!

टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर बाहेरगावाहून ट्रीटमेंटला आलेले पेशंट आणि नातेवाईक झोपतात हे मुंबईकरांना माहीत असतं, पण तिथे बसून बीपी घ्यायला लागलात की कळतं की ट्रॅफिकच्या आवाजात स्टेथोमधून काही म्हणजे काही ऐकू येत नाही. डिजिटल मशीनच हवं, हात छातीच्या उंचीवर नीट आधार देऊन, आणि आधीची पाच मिनिटं नुसत्या गप्पा. तिथे एक आजी भेटल्या, बीपी 170 च्या वर, पिशवीत गोळ्यांची स्ट्रिप जवळजवळ भरलेली. आम्ही सुरू झालो, आजी गोळ्या का नाही घेत, आजी काही बोलेनात. ताईंनी स्ट्रिप हातात घेतली, बघितली आणि म्हणाल्या, "ही लघवीची गोळी आहे ना, मग रात्री ती बाई जाणार कुठं?" बस, विषय संपला. बायका रात्री एकट्या जायला नको म्हणून संध्याकाळनंतर पाणीसुद्धा पीत नाहीत, मग डिहायड्रेशन, मग युरीन इन्फेक्शन, आणि आम्ही वरून लघवी वाढवणारी गोळी देतोय. अम्लोडिपिन ही बीपीची दुसरी गोळी दिवसातून एकदा, हा पर्याय तिथेच चर्चेत आला, पण त्याने पाय सुजतात आणि ही माणसं बसूनच झोपतात त्यामुळे सूज आधीपासून असते, तर पाय आधी बघून ठेवा हेही लगेच सांगितलं. असं शिकवणं मला एमबीबीएसला मिळालं असतं तर काय हवं होतं.

टीबीचा भागही जबरदस्त. आपण शिकतो घरातल्या संपर्कातल्या लोकांना तपासा, प्रतिबंधक औषध द्या. फुटपाथवर घरातले कोण? इथे त्यांनी जागेवर नकाशा काढायला लावला, रात्री कुणाची पथारी कुणाच्या शेजारी, चहा कुणासोबत, पाऊस आला की एकाच ताडपत्रीखाली कोण. ती यादी म्हणजे घर. आयसोनियाझिड-रिफापेंटिन या प्रतिबंधक औषधांचे आठवड्यातून एकदा असे 12 डोस इथे रोजच्या गोळीपेक्षा सोपे पडतात, कारण ताई ठराविक वारी येऊन समोर गिळायला लावू शकतात. टीबी पेशंटला खाण्यासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे महिन्याला 1000 रुपये नोव्हेंबर 2024 पासून झालेत पण ते बँक खात्यात येतात, तेव्हा टीबीच्या औषधासोबत खातं उघडून देणं हेही त्यांनी ट्रीटमेंटमध्येच धरलंय. (मेडिकल कॉलेजांत हल्ली फॅमिली अ‍ॅडॉप्शन प्रोग्रॅम असतो, विद्यार्थी गावात जाऊन कुटुंबं दत्तक घेतात, छानच आहे, पण ते कुटुंब मोजायचं तर घरापासून, आणि ही माणसं तिथेच सुटतात.)

बाकी खरजेला अंगभर क्रीम लावून सगळे कपडे गरम पाण्यात धुवा हे सांगणं सोडून द्या, गरोदर बाया आणि अगदी लहान मुलं सोडून आजूबाजूच्या सगळ्यांना एकत्र आयव्हरमेक्टिनची गोळी आणि काही दिवसांनी परत. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेलेल्यांना लेप्टो होऊ नये म्हणून 72 तासांत डॉक्सीसायक्लिन, गरोदर बाई आणि लहान मुलं सोडून, त्यांना अ‍ॅझिथ्रोमायसिन. कुत्रा चावल्यावरचं इंजेक्शन 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, त्यातल्या 28 व्या दिवशी माणूस कुठे असेल हे आजच विचारून कार्डावर लिहा, तारीख नको, खूण लिहा, "संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी" वगैरे. बॉस्टनमध्ये डॉ. जिम ओ'कॉनेल यांनी 1985 मध्ये बेघरांसाठी काम सुरू केलं तेव्हा तिथल्या नर्सने त्यांना स्टेथो बाजूला ठेवून आधी लोकांचे पाय धुवायला बसवलं होतं, तो किस्सा इथेही सांगतात आणि मग खरंच टब आणि कोमट पाणी आणतात. मोनोफिलामेंट टेस्ट (बारीक तारेने पायाला स्पर्श कळतो का ते बघणं), भेगा, बोटांमधली बुरशी, सगळं पाय धुता धुता होऊन जातं आणि माणूस आपणहून बोलायला लागतो.

आता तक्रारी. मानसिक आजाराला जेमतेम अर्धा तास. रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णाला पोलिसांनी 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचं हे 2017 च्या कायद्यात आहे, ते सांगितलं, पण रात्री अकरा वाजता चौकीत जाऊन नक्की काय बोलायचं, कागद कुठला, हे कुणीतरी करून दाखवायला हवं होतं. रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी डॉ. भरत वाटवानींचं कर्जतचं काम आपल्या इथलंच आहे, मॅगसेसे मिळालेलं, त्यावर एक स्लाइड आणि पुढे. बायकांच्या पाळीबद्दल, गर्भनिरोधकांबद्दल पुरुष ट्रेनर बोलले, ताई शेजारी असताना! कोर्स संपल्यावर एक व्हॉट्सॲप ग्रुप झाला त्यात आता फक्त गुड मॉर्निंग येतात, आम्ही बदल केले की नाही हे कुणी विचारलेलं नाही. महिन्याभराने परत त्याच फुटपाथवर एक रात्र ठेवली तर आम्ही लिहिलेल्या गोळ्यांचं काय झालं ते तरी दिसेल. आणि एमएमसीचे (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे) क्रेडिट पॉइंट रात्रीच्या राउंडला धरत नाहीत, फक्त हॉलमधल्या लेक्चरांना, म्हणजे उलटंच.

जेवण ठीक, पोहे गार.

जाणार असाल तर मेपर्यंतची बॅच बघा, पावसात रात्रीचा राउंड रद्द होतो आणि फी परत मिळत नाही. जुनी पॅंट घाला, स्वतःचं डिजिटल बीपी मशीन आणि जास्तीचे सेल न्या, आणि बुकिंग करताना ताई कुठल्या ग्रुपसोबत आहेत ते फोन करून विचारा, त्याच ग्रुपमध्ये नाव टाका.