करडाच्या अंगावर काय घालावं: पोतं, चादर की घोंगडी?

आमच्याकडं शेळ्या नेमक्या संक्रांतीच्या आगेमागे व्यायला लागतात. सोलापूरच्या थंडीला बाहेरचे हसतात, हसू देत. दुपारी सदरा भिजवणारं ऊन आणि पहाटे बारा-तेरा अंश, हा फरकच दोन किलोच्या करडाला सोसत नाही. उस्मानाबादी जातीच्या शेळीला जुळी नेहमीचीच, त्यातलं एक बारकं राहतं. कोट लागतो तो त्याला.

तागाचं पोतं सगळ्यांत स्वस्त. पुढच्या पायांना दोन भोकं, पोटाखाली नाडी, दहा मिनिटांत काम. एखाद्या रात्रीपुरतं चालतं. पुढं सुतळ्या सुटतात आणि करडं एकमेकांच्या चघळत बसतात. खताची प्लॅस्टिकची पोती मात्र घेऊच नका.

खरा सवाल चादर की घोंगडी. मी सोलापूरचा, तेव्हा आधी चादरच काढली. मऊ, मशीनवर सुरेख शिवली जाते, धुवायला सोपी. अडचण एकच वाटली होती, की आपली चादर वीस वर्षं फाटत नाही, त्यामुळं ‘जुनी चादर’ घरात मागायची कुणाला! शेवटी एक डाग पडलेली मिळाली. तिचे चार कोट झाले, तीन बोकडांना आणि एक पाटीला, म्हणजे मादी करडाला.

पाटीचा कोट आठवडाभर कोरडा राहिला. बोकडांचे तिन्ही पहिल्याच पहाटे ओले. बोकडाची लघवी पोटाच्या मधोमध पडते आणि आपला पट्टा तिथूनच जातो, हे शिवताना डोक्यातच आलं नाही. पट्टा पुढच्या पायांच्या मागं सरकवला, तर मागचा भाग घसरून लोंबायला लागला आणि तोही भिजला. सूत ओलं झालं की पहाटेपर्यंत ओलंच. करडू कोटात कुडकुडत होतं, शेजारचं बिनकोटाचं आईला चिकटून मजेत. त्या दिवशी चादरीवरून मन उडालं.

मग सांगोल्याकडच्या पाहुण्यांकडून एक जीर्ण घोंगडी आणली. जुनीच हवी. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, ती कडक लागते. लोकर भिजते, नाही असं नाही. पण ओली झाली तरी अंगाला गार लागत नाही, ऊब धरून ठेवते. पट्टा तेवढा पुढं घेतला आणि शेपटीखालून एक सैल फासा दिला, घसरणं थांबलं. शेपटी उघडीच ठेवा, शेळी पिलाला तिथं हुंगूनच पाजते. चादर वासाच्या पावडरीत धुतली होती, तेव्हा एक शेळी दिवसभर करडाला ढुसण्या देत होती, तेही आठवलं.

घोंगडीत खोट आहेच. मशीनची सुई अडते, दाभणानं हातशिलाई करावी लागते. गोचीड, उवा लपून बसतात, म्हणून मी रोज नऊच्या सुमारास कोट काढून पत्र्यावर उन्हात टाकतो. नाहीतरी त्यानंतर करडाला कोट नकोच असतो.

तुमच्याकडं यंदा पाटीच जास्त झाल्या असतील, तर चादर वाईट नाही, शिवायलाही हलकी. माझ्या गोठ्यात बोकड जास्त, आणि त्या एका घोंगडीतून आठ कोट निघालेत. नववा तुकडा म्हाताऱ्यानं गुडघ्याला बांधायला मागून घेतला.