भरपाईच्या वहीत फक्त मालकांची नावं

गेले तीन आठवडे रोज रात्री मी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा 'लेगसीज ऑफ ब्रिटिश स्लेव्हरी' हा ऑनलाइन माहितीसंग्रह उघडून बसतोय. वापरायला फुकट आहे आणि शोधायला सोपा.

1833 साली ब्रिटिश संसदेनं गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला आणि 2 कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ती गुलामांना नव्हे, मालकांना! हे पैसे कुणी उचलले, ते इथे नावानिशी सापडतं. मी जॉन ग्लॅडस्टन शोधला, पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचे वडील. 2,508 माणसांच्या बदल्यात 1,06,769 पौंड. तो आकडा वाचून मी बराच वेळ पुढे सरकलोच नाही. रक्कम पौंडापर्यंत चोख नोंदलेली, आणि त्या अडीच हजार माणसांचं नाव दाव्यात कुठेच नाही.

या कामामागच्या इतिहासकार कॅथरीन हॉल यांचा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. सुरुवात स्त्रियांच्या आणि इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय कुटुंबांच्या इतिहासापासून, मग जमैका आणि साम्राज्य, आणि तिथून ही हिशेबाची कागदपत्रं. घरातल्या पैशाचा माग काढायची सवय त्यांना इथे कामी आली असणार, असं मला राहून राहून वाटतं.

एक लक्षात ठेवा: ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्या कायद्यातून वगळला होता, त्यामुळे भारतातली गुलामगिरी इथे शोधू नका. आपल्याकडचा कायदा 1843 चा.

इतिहास शिकणाऱ्या प्रत्येकानं एक संध्याकाळ इथे काढावी. सुरुवात ग्लॅडस्टनच्याच पानापासून करा.