जुन्या गाडीचं एबीएस: दुरुस्ती, फ्यूज की कायमचा निरोप? आणि दिव्यांचं काय?

एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. होंडाच्या जुन्या सीबीआर 250 आर मोटरसायकलच्या मीटरवरचा एबीएसचा दिवा पेटून राहिला की गॅरेजमध्ये ठरलेला सल्ला मिळतो: "काढून टाकू, साहेब. नुसती कटकट आहे. तेवढ्याच पैशात हेडलाइटला झक्कास एलईडी बसवून देतो." सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. एबीएसचं निदान करायला वेळ जातो, एलईडी दहा मिनिटांत बसतो, आणि गिऱ्हाईक अंधार पडताच खूश होतं.

पण ही दोन कामं एकाच हिशोबात बसवून बघा. रात्री जेवढं दिसतं, तेवढ्या अंतरात गाडी थांबते का? ताशी 60 च्या वेगाला गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर जाते. समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. मग कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तरी आणखी 20 मीटर, म्हणजे एकूण 37. ताशी 80 ला हाच आकडा 58 वर जातो. डिपरवर, म्हणजे हेडलाइटच्या खालच्या झोतावर, नीट दिसतं ते 40-50 मीटरपर्यंत. म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावर रात्री डिपरवर 80 ने जाणारा माणूस दिसण्याच्या पलीकडे गाडी चालवतोय. असं असताना ब्रेकचा भरवसा कमी करून उजेड वाढवायचा, हा सौदा मला उलटा वाटतो.

काढायचं की ठेवायचं याआधी दिवा का पेटतोय ते बघा. बिघाड ओळखला की एबीएस स्वतःला बंद करून घेतं आणि ब्रेक साध्या गाडीसारखे चालू राहतात. कारण बहुतेक वेळा क्षुल्लक असतं. चाकाशेजारी दातेरी रिंग असते आणि तिच्या दातांपासून केसभर अंतरावर सेन्सर. तिथे चिखल आणि ब्रेकची लोखंडी भुकटी साचते. पंक्चरवाल्याने चाक काढताना रिंगला धक्का दिला किंवा स्पेसर उलटा बसवला, तर अंतर बिघडतं. पुढच्या-मागच्या टायरचं माप मूळ मापापेक्षा वेगळं घेतलं की दोन्ही चाकांचा वेग जुळत नाही आणि यंत्रणा गोंधळते. बॅटरी मरायला टेकली असली तरी दिवा पेटतो. सर्वांत गमतीशीर प्रकार स्टँडवरचा: चेनला तेल देताना गिअर टाकून मागचं चाक फिरवलं तर मागचं फिरतंय, पुढचं थांबलंय, म्हणून दिवा येतो. चावी बंद-चालू करून थोडं पुढे गेलात की आपोआप जातो. यासाठी हजारो रुपये घालवलेले लोक आहेत.

फ्यूज, बॅटरी, सेन्सर, रिंग, वायर या क्रमाने तपासा. अनेक होंडांमध्ये सीटखालच्या कनेक्टरवरून दिव्याच्या लुकलुकण्यातून बिघाडाचा कोड वाचता येतो. तो वाचू शकणारा फिटर शोधा, शहरात मिळतो.

आता समजा खरंच मॉड्युलेटर, म्हणजे ब्रेक ऑइलचा दाब कमी-जास्त करणारं एबीएसचं मुख्य युनिट, गेला. पंप किंवा आतले व्हॉल्व्ह गंजले. याचं नेहमीचं कारण म्हणजे वर्षानुवर्षं न बदललेलं ब्रेक ऑइल. डॉट 4 प्रतीचं हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, ओल शोषल्यावरची मर्यादा 155 अंशांवर येते, आणि ते पाणी आतून धातू खातं. दोन वर्षांनी बदलायचं ऑइल लोक दहा वर्षं चालवतात. नवा मॉड्युलेटर घ्यायचा तर किंमत पाच आकडी, म्हणजे जुन्या गाडीच्या किमतीचा चांगलाच लचका. इथे पर्याय खरोखर तोलावे लागतात.

फ्यूज काढून ठेवणं सर्वांत स्वस्त. ब्रेकच्या नळ्या जागच्या जागी राहतात, चाक लॉक होऊ न देणारी मदत तेवढी जाते. उद्या जुन्या बाजारात चांगलं युनिट मिळालं तर परत जोडता येतं. पण युनिट गळत असेल किंवा लिव्हर दाबल्यावर दाब धरत नसेल तर फ्यूज काढून उपयोग नाही, कारण ऑइल त्याच युनिटमधून जातं.

पूर्ण काढणं गॅरेजवाला सांगतो तेवढं सोपं नाही, आणि सी-एबीएसच्या (पुढचा-मागचा ब्रेक एकमेकांशी जोडलेल्या एबीएसच्या) सीबीआरवर तर मुळीच नाही. हिच्या पुढच्या कॅलिपरला, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला, तीन पिस्टन आहेत. त्यातला एक मागच्या ब्रेकच्या पायडलवर चालतो. म्हणजे पायाचा दाब मागच्या चाकाबरोबर पुढेही जातो. नुसता मॉड्युलेटर काढून नळ्या जोडल्या तर ही जोडणी अर्धवट राहते. नीट करायचं तर बिनएबीएस मॉडेलचा कॅलिपर आणि नळ्या हव्यात, प्रत्येक जोडाला तांब्याचे नवे वॉशर हवेत. हँडल दोन्ही टोकांना वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण उघडं ठेवून नळीची लांबी तपासायला हवी. ताणलेली नळी पहिल्याच खड्ड्यात दगा देते. त्यानंतर हवा काढणं आलं. इतकं करून हाती येतो बिनएबीएस मॉडेलचा ब्रेक. एबीएस काढलं की गाडी हलकी होते, हा मुद्दाही फोल आहे. 1988 मध्ये बीएमडब्ल्यूच्या के 100 वर मोटरसायकलवरचं पहिलं एबीएस आलं तेव्हा ते 11 किलोंचं होतं. बॉशच्या नवव्या पिढीचं साधं युनिट 700 ग्रॅमच्या आसपास आहे.

काही गाड्यांत स्पीडोमीटरला वेगाची खबर चाकाच्या सेन्सरकडूनच जाते. तिथे एबीएस उपसलं की काटाही मेला.

इंटरनेटवर काढून टाकण्याचे जे उत्साही सल्ले दिसतात, ते बरेचसे 2001 नंतरच्या बीएमडब्ल्यू आर 1150 मालिकेच्या मालकांचे असतात. त्यांच्या गाडीत ब्रेकला विजेच्या पंपाची जोड होती. ती गेली की लिव्हर दाबायला भलती ताकद लागायची, युनिटची किंमत डोळे पांढरे करणारी. त्यांचं काढून टाकणं समजू शकतं. आपल्या सीबीआरला किंवा टीव्हीएसच्या अपाचेला ते दुखणंच नाही.

एका ठिकाणी मात्र एबीएसविरुद्धची तक्रार खरी आहे: सुटी खडी, जांभ्याची लाल माती, उतार. तिथे लॉक झालेलं चाक पुढे मातीचा ढीग रचून गाडी थांबवतं. एबीएस ते होऊ देत नाही आणि अंतर वाढतं. म्हणूनच रॉयल एनफिल्डच्या 2020 च्या हिमालयनला मागचं एबीएस बंद करायचं बटण आलं. आधीच्या हिमालयनला ते नाही. तुमचं फिरणं कच्च्या वाटांवरच असेल तर फ्यूजच्या वायरीवर स्विच बसवणारे लोक आहेत, पण त्याने पुढचंही बंद होतं, हे लक्षात ठेवा. ताम्हिणीतल्या पावसात, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर किंवा पुलाच्या लोखंडी जोडांवर स्विच चालू करायला विसरलात तर काही खरं नाही.

दिव्यांचं गणित सोपं आणि जास्त समाधान देणारं. सीबीआरच्या हेडलाइटमध्ये एच4 बल्ब आहे, म्हणजे अप्पर (लांबचा झोत) आणि डिपर अशा दोन तारांचा हॅलोजन, 60/55 वॉट. त्याचा उजेड व्होल्टेजवर फार अवलंबून असतो: बल्बला पोचणारं व्होल्टेज 10 टक्के घटलं तर उजेड जवळपास 30 टक्के घटतो. अनेक जुन्या गाड्यांत सगळा करंट हँडलवरच्या झिजलेल्या स्विचमधून आणि बारीक वायरीतून जातो, तिथेच तो अडतो. बॅटरीपासून फ्यूजमार्गे जाड वायर टाकून रिले बसवला की स्विचचं काम फक्त रिलेला इशारा देण्याचं उरतं. वायरिंगचा तयार संच हजार-दीड हजारात येतो. त्यात चांगल्या कंपनीचा 60/55 चाच बल्ब लावा. 100/90 चे बल्ब होल्डर वितळवतात आणि रिफ्लेक्टर काळा करतात.

याच्या शेजारी एलईडी बल्ब ठेवून बघा. वीज कमी खातो, पांढराशुभ्र दिसतो, भिंतीवर पाहिलं तर जिंकल्यासारखा. पण रिफ्लेक्टर घडवलेला असतो तो हॅलोजनच्या तारेची नेमकी जागा धरून. एच4 मध्ये डिपरच्या तारेखाली छोटी वाटी असते, तीच समोरच्याच्या डोळ्यात जाणारा उजेड कापते. स्वस्त एलईडीत चिपची जागा जरा हलली की डिपरची कड विस्कटते. रस्त्यावर पुढ्यात झगमगाट, लांबवर अंधार, आणि समोरून येणारा एसटीचा ड्रायव्हर तुम्हाला अप्पर मारून जातो. आंबोलीच्या धुक्यात वर उडालेला तोच उजेड भिंत होऊन तुमच्याच डोळ्यांवर परत येतो.

जादा लाइट लावायचेच तर हेडलाइटच्या खाली, वेगळ्या रिले-फ्यूजवर आणि अप्परशी जोडून, म्हणजे डिपर दिला की तेही विझतील. शहरात झाकण घाला. आणि एक फुकटचं काम: तुम्ही बसलेले असताना, सामान लावून, भिंतीवर डिपरची कड बघा. 10 मीटरवर ती दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली हवी. मागे माणूस बसला की गाडीचं नाक वर जातं, तेव्हा पुन्हा जुळवा.

कायद्याचं थोडक्यात. 125 सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते 1 एप्रिल 2019 पासून, त्यामुळे त्याआधीच्या, समजा 2013 च्या, गाडीला ते असण्याची सक्ती नव्हती. पण कंपनीने दिलेलं काढणं हा वेगळा प्रश्न. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत मनमानी बदलाला मनाई करतं, आणि कलम 182अ खाली प्रत्येक बेकायदा बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडी बघायला येतो तेव्हा कापलेली ब्रेकची नळी त्याला लगेच दिसते. रिले आणि मूळ वॉटचा बल्ब यावर त्याला बोट ठेवायला जागा नसते.

मग खिशात सात-आठ हजारच असतील तर? ब्रेक ऑइल, पॅड, सेन्सरची सफाई, रिले, बल्ब, याच क्रमाने खर्च करा. मॉड्युलेटर गेला असला, पण गळत नसेल, तर फ्यूज काढून चालवा आणि चालू युनिट शोधत राहा. गळत असेल आणि युनिट मिळतच नसेल, तरच बिनएबीएस मॉडेलचे सगळे भाग आणून पूर्ण काढा. त्यासाठी आधी त्या मॉडेलचा कॅलिपर हातात पडू द्या. तोपर्यंत जुन्या नळीला पाना लावू देऊ नका.