माझ्या चेहऱ्यात काय टोचलं, हे सांगायला कुणी तयार नाही

सांगलीत विश्रामबागेतल्या एका स्किन क्लिनिकने माझ्याकडून १,३३,७७० रुपये उकळले. २८,००० रोख, ९०,००० कर्जाने, १४,००० ‘बूस्टर’चे आणि १,७७० प्रोसेसिंग फी. क्लिनिकचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे आणि ओळखीच्या वकिलांनी तूर्त नाव घेऊ नका म्हणून बजावलंय.

‘या वयात कशाला असले नखरे’ हे मला ऐकवू नका, घरात ऐकून झालंय. मी पतसंस्थेत कॅशला बसते. पगार माझा, चेहरा माझा. यजमानांच्या लांबलेल्या आजारपणात माझ्या डोळ्यांखाली खड्डे पडले, हनुवटीच्या दोन्ही बाजूंना कातडी लोंबायला लागली. काउंटरवर येणारा प्रत्येकजण ‘ताई, बरं नाही का?’ विचारायचा. मार्गशीर्षात मुलीचं लग्न होतं. चारचौघांत नीट दिसावं असं वाटलं तर त्यात गैर काय?

सुरुवात कशी होते ते तुम्हाला माहीतच आहे. मोबाइलवर जाहिरात, मोफत तपासणी, जांभळ्या उजेडाच्या मशिनमध्ये फोटो. मशिनने माझ्या त्वचेचं वय ६२ सांगितलं, मी ५१ची आहे. सांगणारी मुलगी डॉक्टर नव्हती, ‘काउन्सेलर’ होती. कपाळाला बोटॉक्स (आठ्या घालवायचं इंजेक्शन), डोळ्यांखाली फिलर (खड्डा भरून काढणारं जेल), जबड्याला कातडी ओढून धरणारे धागे, वर पीआरपीच्या, म्हणजे आपल्याच रक्तातला अंश काढून टोचायच्या, सहा सिटिंग. ‘विना ऑपरेशन फेसलिफ्ट’, १,१८,०००. ‘आज बुक केलं तरच हा रेट बसतो, काकू.’ आजच्या आज ठरवा म्हणणाऱ्याकडे चेहरा द्यायचा नाही, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

पहिल्याच सिटिंगला चेहऱ्यावर बधिर करणारी क्रीम थापली, वरून पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवला. चष्मा काढून बाजूला ठेवला. ओठ जड, नीट बोलताही येईना. त्या अवस्थेत काउन्सेलर माझाच मोबाइल घेऊन आली. ‘काकू, अपॉइंटमेंटचा ओटीपी आलाय, मी टाकते हं.’ मी मान हलवली. तो ओटीपी कर्जाचा होता. उरलेले ९०,००० क्लिनिकलाच बारा हप्त्यांत द्यायचे, महिना ७,५००, बिनव्याजी, असं मला सांगितलं होतं. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीने माझ्या नावावर कर्ज टाकून सगळी रक्कम क्लिनिकला देऊन टाकली. मी रोज लोकांच्या कर्जाचे फॉर्म तपासते. समोर कागद ठेवला असता तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचला असता. म्हणूनच तो ठेवला नाही.

आणि मग ती सिरिंज. निळे कपडे, तोंडाला मास्क, असा एकजण ‘डॉक्टर’ म्हणून आला. ट्रेमध्ये सिरिंजा आधीच भरून ठेवलेल्या. चष्मा नसतानाही मला दिसलं की एकीवरही लेबल नाही. मी विचारलं, ‘याचं खोकं कुठाय?’ तो म्हणाला, ‘खोकं आत उघडतो मॅडम, इथे उघडलं तर इन्फेक्शन होईल.’ या वाक्याला मी उठायला हवं होतं! ते वाक्य आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. खरा फिलर कंपनीकडूनच सीलबंद सिरिंजमध्ये येतो. सोबत बॅच नंबरचे स्टिकर असतात, त्यातलं एक आपल्या फाइलला लागायला हवं. बोटॉक्सची गोष्ट वेगळी, ते कुपीत पावडर म्हणून येतं आणि सलाइनमध्ये मिसळून भरतात. पण मग कुपी दाखवायला काय हरकत होती? हे सगळं मला नंतर कळलं. तोंड बधिर झालेल्या, पैसे भरून बसलेल्या बाईने तेव्हा ते कुठून ओळखायचं? डॉक्टरने सुई पुढे केली की आपण दंड पुढे करतो, आपल्याला लहानपणापासून तेच शिकवलंय.

बोटॉक्सचा परिणाम तीन-चार दिवसांत जाणवू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो आणि साधारण तीन-चार महिने टिकतो. माझ्या कपाळावर दोन आठवड्यांनंतरही पहिल्यासारख्याच आठ्या. विचारलं तर म्हणे, ‘तुमची स्किन रेझिस्टंट आहे, बूस्टर लागेल.’ १४,०००, आणि तेही कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर. लग्न तोंडावर आलेलं, दिले. वैयक्तिक नंबरवर पैसे मागितले की तिथूनच मागे फिरा. डाव्या डोळ्याखाली हरभऱ्याएवढी गाठ आली, तर ‘मसाज करा.’ पीआरपीची जेमतेम सुरुवात झाली आणि एक दिवस शटर खाली, वर ‘रिनोव्हेशन’चा कागद. फोन बंद.

गाठ घेऊन मिरजेला एका प्लास्टिक सर्जनकडे गेले. त्यांनी तपासून पहिलाच प्रश्न विचारला, ‘काय टोचलंय?’ फिलर हायलुरॉनिक अॅसिडचा असेल तर हायलुरॉनिडेजचं इंजेक्शन देऊन विरघळवता येतो. सिलिकॉनसारखं काही असेल तर विरघळत नाही, प्रसंगी कापून काढावं लागतं. माझ्याकडे ना स्टिकर, ना खोकं, ना नोंद. डोळ्याजवळ फिलर रक्तवाहिनीत गेला तर दृष्टीसुद्धा जाऊ शकते, हेही तिथेच पहिल्यांदा ऐकलं. टोचताना कातडी पांढरी पडली, असह्य कळ आली किंवा धूसर दिसलं तर मिनिटांचा प्रश्न असतो. हायलुरॉनिडेज हाताशी आहे का, हे आधी विचारा. उत्तर द्यायला अडखळले तर उठा.

लोंबलेली कातडी धाग्यांनी फार उचलली जात नाही आणि हे धागे काही महिन्यांत विरघळतात, असंही ते म्हणाले. खऱ्या फेसलिफ्टमध्ये कानाच्या पुढे-मागे छेद घेतात, त्यात रक्त साचण्याचा आणि चेहऱ्याच्या नसेला इजा होण्याचा धोका असतो. हे सगळं त्यांनी न विचारता सांगितलं. क्लिनिकमध्ये धोका हा शब्द एकदाही निघाला नव्हता.

पोलीस ठाण्यात गेले. ‘सही तुमची, ओटीपी तुमचा, हा दिवाणी मामला.’ फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, असं म्हटलं तर, ‘कलम आम्हाला नका शिकवू.’ एकजण माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, ‘ताई, चेहरा तर चांगला दिसतोय की!’ लेकीच्या वयाची कॉन्स्टेबल शेजारी उभी होती, तिने मान खाली घातली. अर्जाची पोच द्यायलाही का-कू. आरोग्य खात्याच्या कचेरीत गेले, तर साहेब मिटिंगला. भेटले तेव्हा म्हणाले, ‘शॉप अॅक्टचा परवाना पार्लरचा आहे, आमच्या अखत्यारीत येत नाही.’ पार्लरवाला सुया टोचतो तर ते कुणाच्या अखत्यारीत? नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणं महाराष्ट्रात १९६१च्या वैद्यकीय व्यवसायींच्या कायद्याच्या कलम ३३ने गुन्हा आहे. त्या मास्कवाल्याचं नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत नाही, मी स्वतः शोधलं. यादी ऑनलाइन आहे, दोन मिनिटांचं काम, तुम्ही आधी करा. पण कचेरीला त्याचा नोंदणी क्रमांक माझ्याकडूनच हवा होता! नाही म्हणून तर तक्रार आहे ना? फायनान्स कंपनी सांगते, ‘सेवेबद्दल क्लिनिकशी बोला.’ क्लिनिकला कुलूप. हप्ता थांबवावा तर सिबिल जातं, आणि पतसंस्थेत नोकरी करणारीला ते परवडत नाही. एकदा खात्यात पैसे कमी पडले तर ५९० रुपये दंड कापला, तो वरच्या हिशेबात धरलेला नाही.

अशा डिजिटल कर्जातून सुरुवातीच्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मला कर्ज असल्याचाच पत्ता पहिला हप्ता कापला गेल्यावर लागला. कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, ती केली आहे. पावतीही बघून घ्या. सौंदर्यासाठीच्या उपचारांवर जीएसटी असतो. माझी पावती साध्या पॅडवरची, ‘अॅडव्हान्स’ एवढंच खरडलेली.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आधी विचारायचं असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. माझी तक्रार दाखल झाली आहे.

त्याच क्लिनिकमध्ये गेलेल्या बायका सांगली, मिरज, कुपवाडात नक्की असतील, आणि लाजेने गप्प असतील. तुमच्यापैकी कुणाकडे तिथली पावती, मेसेज, फोटो, चुकून पर्समध्ये राहिलेलं एखादं रिकामं खोकं किंवा स्टिकर असेल तर फेकू नका, मला कळवा. सर्जन म्हणाले आहेत, बॅच नंबर मिळाला तर गाठीचं काय करायचं ते ठरवता येईल.